वसंतारंभीची झुडपे आणि त्यांची मराठी नावे

१

मराठी शब्दकोशात एखाद्या फुलझाडाचे नाव काढून पाहिले असता अर्थाच्या जागी पुष्कळदा 'एक फुलझाड', 'एक सुगंधी फूल' किंवा 'एक प्रकारची वेल' एवढेच स्पष्टीकरण आढळते. ज्याला ते झाड ठाऊक आहे त्याला या स्पष्टीकरणाची गरज नसते, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला त्यापासून कोणताच बोध होत नाही. धातू, अव्यये, वाक्प्रचार यांच्या बाबतीत अर्थाच्या सूक्ष्म छटा टिपणारा कोशकार बागेच्या फाटकापाशी येताच थांबतो, असे दिसते. वास्तविक फुलझाडाचे नाव म्हणजे केवळ एक खूण नव्हे. ते झाड केव्हा फुलते, कोठून आले, कोणत्या परिचित झाडासारखे दिसते, कोणत्या उपयोगाचे आहे, यांपैकी कोणती तरी एक गोष्ट त्या नावाने कधी काळी टिपून ठेवलेली असते. ती नोंद वाचता आली, तर भाषेच्या अभ्यासाला एक भक्कम आधार मिळतो. ती वाचता आली नाही, तर जुन्या काव्याचा अर्थ चुकतो आणि प्रसंगी औषधही चुकते.

प्रस्तुत विवेचनात महाराष्ट्रातील बागांतून माघापासून चैत्रापर्यंत फुलणाऱ्या काही झुडपांची नावे तपासली आहेत. 'झुडूप' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. मोगरा, कुंद, माधवी यांना कोणी झुडूप म्हणतो, कोणी वेल म्हणतो. आधार मिळाला की ती चढतात, छाटली की झुडपासारखी वाढतात. तुलनेसाठी घेतलेला चाफा तर पुष्कळ ठिकाणी लहान वृक्षाएवढा होतो. तेव्हा वर्गीकरणाचा काटेकोरपणा वनस्पतिशास्त्रज्ञांकडे सोपवून येथे लोकव्यवहाराला अनुसरले आहे.

२

दख्खनचा वसंत हा थंड प्रदेशांतील वसंताहून भिन्न आहे. तेथे झाडे उबेची वाट पाहतात. बर्फ वितळले आणि दिवस वाढला की कळी उमलते. महाराष्ट्रात बहुतेक पाऊस ज्येष्ठ ते भाद्रपद या अवधीत पडून जातो, आणि माघ लागेपर्यंत जमिनीतील ओल बरीच खाली गेलेली असते. त्यामुळे येथे पानगळ आणि फुलोरा ही दोन्ही एकाच वेळी दृष्टीस पडतात. पांढऱ्या चाफ्याच्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर फुलांचे गुच्छ येतात, आणि जवळच्या माळावर पळस व पांगारा हेही पानांवाचून फुलतात. पाने झडल्याने बाष्परूपाने जाणारे पाणी वाचते, आणि उघड्या फांद्यांवरील फुले पाखरांना दुरून दिसतात. दख्खनच्या वसंताचा आरंभ कोरडेपणात आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

माळ्यांच्या भाषेत हे ज्ञान एका शब्दात साठवलेले आहे. तो शब्द 'ताण' होय. मोगऱ्याला थंडीच्या दिवसांत पाणी तोडतात; झाडाला ताण बसतो, पाने पिवळी पडून गळतात. मग पौष-माघाच्या सुमारास छाटणी करून आळी खणतात, खत घालतात व पाणी सोडतात. नव्या फुटीवर कळ्या धरतात आणि फाल्गुन-चैत्रापासून फुले हाती येऊ लागतात. फळबागाईतही हीच युक्ती आहे. डाळिंब, संत्रे, मोसंबी यांच्या बाबतीत आंबेबहर, मृगबहर आणि हस्तबहर असे तीन बहर सांगितले जातात. आंब्याला मोहर येण्याच्या सुमारास धरलेला तो आंबेबहर; उरलेले दोन मृग व हस्त या पावसाच्या नक्षत्रांवरून ओळखले जातात.

येथे 'बहर' या शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हा शब्द फारसी 'बहार' पासून आला असून मूळ भाषेत त्याचा प्रमुख अर्थ वसंत ऋतू असा आहे. मराठीने ऋतूसाठी 'वसंत' हा शब्द कायम ठेवला आणि आलेल्या शब्दाला त्या ऋतूचे कार्य, म्हणजे भरून फुलणे, हा अर्थ दिला. त्यामुळे 'मृगबहर' हा समास सिद्ध होऊ शकला. शब्दशः पाहता तो 'मृग नक्षत्रातला वसंत' असा विसंगत ठरला असता. परंतु ज्या शेतकऱ्याला पाणी तोडून वर्षातून वेगवेगळ्या वेळी झाड फुलवता येते, त्याच्या अनुभवाशी तो पूर्णपणे सुसंगत आहे. शब्दाचा अर्थ ऋतूपासून सुटून क्रियेला चिकटला, याचे कारण व्याकरणात नाही, शेतीच्या रीतीत आहे.

३

आता ज्या नावांत काळाची नोंद प्रत्यक्ष आढळते त्यांचा विचार करू. यांत पहिले कुंदाचे. कुंद म्हणजे जॅस्मिनम मल्टिफ्लोरम. पांढऱ्या, निमुळत्या कळ्यांचे हे झुडूप थंडीत फुलू लागते आणि वसंताच्या उंबरठ्यापर्यंत फुलत राहते. मराठीत कुंदकळ्यांची उपमा दातांना देण्याचा प्रघात आहे. अमरकोशात कुंदाला 'माघ्य' असा पर्याय दिला आहे. माघात होणारे ते माघ्य. फुलाचा रंग, गंध, आकार सर्व बाजूला ठेवून त्याचा महिना तेवढा या नावाने पकडला आहे.

दुसरे उदाहरण माधवीचे. ही हिप्टेज बेंघालेन्सिस नावाची मोठी चढती वनस्पती होय. तिची फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, कातरलेल्या कडांच्या पाच पाकळ्यांची असतात आणि त्यांतील एका पाकळीवर पिवळा डाग असतो. फळाला तीन पंख असतात आणि ते वाऱ्यावर गरगरत दूर जाते. शास्त्रीय नावातील पहिला शब्द 'उडणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून त्यामुळेच घेतला आहे. वैदिक मासनामांत चैत्र व वैशाख यांना अनुक्रमे 'मधु' व 'माधव' म्हणत, आणि हे दोन महिने मिळून वसंत होत असे. अमरकोश माधवीला 'वासंती' असाही पर्याय देतो. एका नावात महिना आणि दुसऱ्यात ऋतू अशी ही दुहेरी नोंद आहे, आणि प्रत्यक्षातही ही वनस्पती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फुलते.

अशी कालवाचक नावे वाचताना मात्र एक दक्षता घ्यावी लागते. संपातबिंदू हळूहळू मागे सरकत असल्यामुळे नक्षत्रांवर बेतलेले महिने आणि ऋतू यांचे नाते स्थिर राहत नाही. सुमारे ७२ वर्षांत एक दिवस याप्रमाणे महिने ऋतूच्या मानाने पुढे जातात. दीड हजार वर्षांत हे अंतर तीन आठवड्यांच्या आसपास भरते. म्हणून ज्या काळात 'माघ्य' हे नाव रूढ झाले त्या काळचा माघ आजच्या माघाहून अधिक थंड होता, असे समजले पाहिजे. आज कुंद पौषातच भरात आलेला दिसला तर नाव चुकीचे ठरत नाही; नावाचे शतक तेवढे विचारात घ्यावे लागते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढे हाच प्रश्न व्यापक रूपात होता. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वसंताचे महिने फाल्गुन व चैत्र असे धरले आहेत. चैत्र-वैशाखाऐवजी फाल्गुन-चैत्र हा बदल आकाशाच्या गणितातून आला. परंतु बागेतील फुलोऱ्याशीही तो अधिक जुळतो.

४

दुसरा गट अशा नावांचा, की ज्यांतून मराठीचा ध्वनिविकास स्पष्ट दिसतो. फुलांची नावे घरगुती व्यवहारातली असल्याने ती तोंडातोंडी झिजत आली आहेत, आणि तत्सम शब्दांपेक्षा तद्भव शब्दांचे प्रमाण त्यांत मोठे आहे. ज्यूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथापासून (त्याचे वा. गो. परांजपे यांनी केलेले मराठी भाषांतर १९४१ मध्ये निघाले) कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशापर्यंत अभ्यासकांनी ज्या ध्वनिपरिवर्तनांची चर्चा केली आहे, त्यांतील बरीचशी एका लहान बागेत दाखवून देता येतात.

मोगरा हा शब्द संस्कृत 'मुद्गर' पासून आला आहे. मुद्गर म्हणजे लाकडी ठोकणे. त्याच अर्थाने मराठीत 'मोगरी' हा शब्द आजही चालू आहे. संस्कृतातच मुद्गर हे एका फुलझाडाचेही नाव होते. त्याच्या गोल, भरीव कळीत मोगरीच्या डोक्याचे साम्य पाहिले गेले असावे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात जोडाक्षरापूर्वीच्या उकाराचा ओकार होतो असा नियम सांगून 'मोग्गर' हे रूप नोंदवले आहे, आणि त्याच यादीत पुस्तकापासून 'पोत्थअ' व मुस्तेपासून 'मोत्था' ही रूपेही दिली आहेत. मराठीतील मोगरा, पोथी आणि नागरमोथ्यातील मोथा हे तिन्ही शब्द या एका नियमाचे वारसदार होत. देवघरातील पोथी आणि तिच्यावर वाहिलेले मोगऱ्याचे फूल यांची घडण एकाच साच्यातली आहे.

जाई व जुई यांचा बहर मुख्यतः पावसाळ्याकडचा. परंतु मोगऱ्याच्या वर्गातील म्हणून त्यांची नावे येथे तुलनेसाठी उपयोगी पडतात. 'जाति' मधील तकार लोपून प्राकृतात 'जाइ' झाले आणि त्याची मराठीत जाई झाली. 'यूथिका' या शब्दात आरंभीच्या यकाराचा जकार झाला, थकाराचा हकार झाला व ककार लोपला. हिंदीतील 'जूही' मध्ये तो हकार अद्याप टिकून आहे. मराठीने तोही टाकून जुई केली.

नेवाळीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तिचे मूळ 'नवमालिका' होय. शाकुंतलात शकुंतलेने ज्या वेलीला 'वनज्योत्स्ना' असे लाडके नाव दिले आहे ती नवमालिकाच. हेमचंद्राने या शब्दाचे 'नोमालिआ' हे रूप देताना त्याच सूत्रात बदराचे 'बोर' आणि पूगफलाचे 'पोप्फल' अशी रूपे दिली आहेत, आणि मराठीत बोर व पोफळ हे शब्द बरोबर त्या मार्गाने आले आहेत. नेवाळी मात्र त्या मार्गाने आलेली नाही. तिच्यात मकाराचा वकार झाला आहे, जसा 'ग्राम' चा गाव व 'नाम' चे नाव होताना झाला. लकाराचा ळकारही नियमाप्रमाणे झाला आहे, जसा 'फल' चे फळ होताना झाला. परंतु पहिल्या अक्षरातला एकार 'नोमालिआ' मधील ओकारापासून निघू शकत नाही. यावरून असे अनुमान निघते की व्याकरणकारांनी नोंदलेले रूप हे लोकांच्या बोलण्यातील एकमेव रूप नव्हते. मराठीच्या पूर्वजांच्या तोंडी या शब्दाचे निराळे रूप चालू असले पाहिजे, आणि त्याचा साक्षीदार म्हणून हे एक फूलच उरले आहे.

कण्हेर ही 'करवीर' पासून आली. या शब्दातील पहिल्या रकाराचा णकार होतो असे हेमचंद्राने स्वतंत्र सूत्रच केले आहे. 'कणवीर' नंतर हिंदीत 'कनेर' झाले. मराठीत मध्ये हकार येऊन कण्हेर झाली. येथे एक सावधगिरीचे उदाहरण नोंदवणे योग्य होईल. मुंबईजवळील कण्हेरीच्या लेण्यांचे नाव ऐकून ते कण्हेरीच्या झुडपावरून पडले असावे असा समज सहज होतो. तथापि तेथील शिलालेखांत 'कण्हगिरि' व 'कण्हसेल' अशी रूपे आहेत, आणि त्यांचे मूळ 'कृष्णगिरि', म्हणजे काळा डोंगर, हे आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आज एकाच उच्चारापाशी मिळाले आहेत. केवळ उच्चारसाम्यावर विसंबून स्थलनामांत फुले शोधणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळून येते.

या गटातील शेवटचे नाव धायटी. सह्याद्रीच्या उतारांवर माघ-फाल्गुनात लालभडक नळीदार फुलांनी भरून जाणारे, आणि क्वचित बागेतही लावले जाणारे हे झुडूप म्हणजे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. संस्कृत नाव 'धातकी'. यातील तकार व ककार लोपून 'धाय' एवढा भाग राहिला, आणि झिजलेल्या शब्दाला मराठीने '-टी' हा प्रत्यय जोडून पुन्हा उभे केले. आसवे व अरिष्टे आंबवण्यासाठी धायटीची फुले वैद्य आजही वापरतात. शब्द झिजला, परंतु उपयोग चालू राहिला. म्हणून नाव आणि वस्तू यांची फारकत झाली नाही. पुढील गटात नेमकी हीच फारकत झालेली दिसते.

५

नावे स्थिर राहतात आणि झाडे बदलतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण चाफ्याचे आहे. संस्कृत 'चंपक' म्हणजे पिवळ्या फुलांचा सोनचाफा. आज मराठीत नुसता 'चाफा' म्हटले की बहुधा पांढरा चाफा डोळ्यांपुढे येतो. हा प्लुमेरिया होय. त्याचे शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे. तो मूळचा उष्ण अमेरिकेतला. म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेशी दळणवळण सुरू होण्यापूर्वी तो या देशात असणे शक्य नाही. इतके असूनही देवळांच्या आवारांत तो असा रुजला, की त्याचे 'देवचाफा' हे नाव ऐकून तो परका असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. याखेरीज हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा, सुलतान चाफा आणि वसंतात पानांच्या आधी जमिनीतूनच फूल काढणारा भुईचाफा हे सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहुतांशी एकमेकांपासून फार दूरचे आहेत. भाषेच्या दृष्टीने मात्र येथे एक सुसंगत व्यवस्था आहे. 'चाफा' हे विशेषनाम सामान्यनाम झाले, आणि 'सुवासिक, ठसठशीत फूल देणारे झाड' असा अर्थ त्याला आल्यावर प्रत्येक नव्या झाडासाठी एक विशेषण तेवढे पुरेसे झाले. ही व्यवस्था एकदा उभी राहिली की मूळ चंपकालाही 'सोन' हे विशेषण घ्यावे लागले.

तगरीचे प्रकरण याहून गंभीर आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील 'तगर' हे हिमालयात होणाऱ्या व्हॅलेरियाना वर्गातील वनस्पतीचे सुगंधी मूळ होय. महाराष्ट्राच्या बागेतील तगर म्हणजे टॅबर्निमाँटाना डायव्हॅरिकाटा. पांढऱ्या, फिरकीसारख्या पाकळ्यांचे, तोडले असता पांढरा चीक येणारे झुडूप. दोहोंचा कुलसंबंध नाही, गुणसाम्य नाही. नाव तेवढे एक आहे. जुन्या ग्रंथातील पाठ वाचून कोणी परसातल्या तगरीचे मूळ उगाळले, तर त्या चुकीचा उगम शब्दातच असेल. कोशात 'तगर – एक फुलझाड. एक औषधी' असे दोन अर्थ शेजारी शेजारी देऊन भागत नाही. या दोन निराळ्या वनस्पती आहेत, हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

याच्या उलट, नाव पसरल्याने हितच झाल्याचेही एक उदाहरण आहे. घंटेसारख्या पिवळ्या फुलांचे, मूळ उष्ण अमेरिकेतील एक झुडूप मराठीत 'बिट्टी' किंवा 'पिवळी कण्हेर' या नावांनी ओळखले जाते. कण्हेर विषारी आहे हे खेड्यापाड्यांत सर्वांना माहीत असते. जनावरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला व हमरस्त्यांच्या मधल्या दुभाजकांवर ती लावतात. नव्या झुडपाची पाने अरुंद व लांब, चीक पांढरा. लोकांनी साम्य पाहिले आणि त्याला कण्हेरीच्या घरात घेतले. वनस्पतिशास्त्रही दोघींना एकाच कुलात ठेवते, आणि दोघींचे विष हृदयावर परिणाम करणारे आहे. 'पिवळी कण्हेर' या नावात एक इशारा आपोआप आला आहे. 'बिट्टी' या नावात तो नाही. ज्या घरात मुले बिट्टीच्या बिया खेळायला घेतात, त्या घरात कोणते नाव चालते हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही.

माधवीचा उल्लेख पूर्वी आलाच आहे. तिच्या नावाशी जवळीक असलेले 'मधुमालती' हे नाव आज बहुतेक ठिकाणी रंगून वेलीला लावले जाते. या वेलीची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात व पुढे गुलाबी आणि लाल होतात. तिचे जुने शास्त्रीय नाव 'क्विस्क्वॅलिस'. त्याचा लॅटिन अर्थ 'कोण? कसा?' असा प्रश्नार्थक आहे, आणि मराठी नावाच्या गोंधळाकडे पाहता तो प्रश्न अप्रस्तुत वाटत नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात राजाने वसंतोत्सव बंद केला आहे आणि तो माधवीच्या मंडपात जाऊन बसतो. माधवी म्हणजे वसंतात पांढऱ्या फुलांनी भरणारी हिप्टेज, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या प्रसंगातील विरोध कळतो. उत्सव बंद झाला, पण मंडप फुलायचा थांबला नाही. जो वाचक तेथे लाल-गुलाबी घोसांची रंगून वेल कल्पितो, त्याला अर्थ लागतो, परंतु ऋतू निसटतो.

६

अखेरचे उदाहरण संपूर्णपणे आगंतुक आहे, आणि म्हणूनच मराठीची पचनशक्ती त्यात उत्तम दिसते. लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या सफरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों याने १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे एक झुडूप गोळा केले आणि त्याला आपल्या नायकाचे नाव दिले. ते नाव १७८९ मध्ये जुस्यू यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. बूगँव्हिल या आडनावातील 'व्हिल' चा फ्रेंच अर्थ 'नगर'. इंग्रजीच्या मार्गाने 'बुगनव्हिलिया' हे नाव मराठी कानावर पडले, आणि मराठी माणसाने त्याचे 'बोगनवेल' केले.

हा साधा उच्चारबदल नव्हे. 'अल्फोन्सो' चा 'हापूस' झाला तेव्हा ध्वनी तेवढे मराठी वळणाचे झाले. शब्दात नवा अर्थ शिरला नाही. येथे मात्र अर्थहीन वाटणाऱ्या शेवटच्या भागात 'वेल' हा घरचा शब्द ऐकला गेला. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिचे परिणाम व्याकरणातही दिसतात. वेल हा शब्द लाभताच नावाला स्त्रीलिंग मिळाले; 'बोगनवेल फुलली', 'बोगनवेली छाटल्या' असे प्रयोग कोणाच्याही शिकवणुकीवाचून रूढ झाले. शिवाय नावाने वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही ठरवली. बोगनवेलीला आधाराला वेटोळे घालणारे तंतू नसतात. ती वाकड्या काट्यांच्या साहाय्याने दुसऱ्या झाडावर रेलणारे झुडूप आहे. छाटून ठेवली तर ती स्वतंत्रपणे उभी राहते. तरी मराठी मनाला ती वेलच. तिची 'फुले' हीही वस्तुतः रंगीत छदे होत. खरी फुले मधोमध, बारीक, फिकट पांढरी असतात.

आणि तरीही ही परकी वनस्पती दख्खनच्या वसंतात पूर्णपणे सामावून गेली आहे. ज्या ताणावर मोगरा धरतो त्याच ताणावर बोगनवेल रंगते. पाणी भरपूर दिले तर पाने वाढतात. पाणी कमी केले आणि ऊन वाढले की छदे येतात. माळ्याने तिला वेगळे शास्त्र लावले नाही, आणि तिच्यासाठी वेगळा शब्दही शोधला नाही. बहर, ताण, छाटणी हे तिन्ही शब्द तयारच होते.

७

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येते की फुलझाडाचे नाव ही एका निरीक्षणाची संक्षिप्त नोंद असते. परंतु नोंद आणि वस्तू यांची गाठ सुटी पडू शकते. 'माघ्य' मध्ये ती कालगणनेच्या सरकण्याने सैल झाली, चाफ्यात अर्थविस्ताराने, तगरीत एकनामतेने, मधुमालतीत स्थानांतराने. ही गाठ पुन्हा बांधण्याचे काम कोशाचे आहे. शास्त्रीय नाव तेवढे दिले की काम झाले, असे मानण्याचेही कारण नाही. शास्त्रीय नावेही अखेर कोणाच्या तरी लोकभाषेतूनच उचललेली असतात. मोगऱ्याच्या 'जॅस्मिनम सॅम्बॅक' या नावातील पहिला शब्द फारसी 'यासमीन' चा व दुसरा अरबी 'झंबक' चा वंशज आहे.

या बाबतीत एक जुना आदर्श उपलब्ध आहे. कोचीनचा डच अधिपती हेंड्रिक व्हॅन ऱ्हेडे याने सिद्ध करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य त्या कामात साहाय्यक होते, आणि त्यांची नागरी लिपीतील साक्ष ग्रंथाच्या आरंभी छापलेली आहे. त्या ग्रंथात झाडाचे चित्र आणि निरनिराळ्या लिप्यांतील नावे एकाच पानावर येतात. नाव वस्तूपासून सुटू नये म्हणून याहून सोपा उपाय नाही.

मराठी कोशातील प्रत्येक फुलझाडाच्या नोंदीत निदान पाच गोष्टी असाव्यात: शास्त्रीय नाव, जिल्हावार रूपे, फुलण्याचे महिने, उपयोग, आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या इतर वनस्पती. यांतील पहिली गोष्ट ग्रंथांतून मिळेल. उरलेल्या चार माळी, गुरव, फुलारी व वैदू यांच्या तोंडूनच मिळणार आहेत. बटमोगरा, मदनबाण व वेली मोगरा यांतील भेद कळीकडे पाहून सांगणारी माणसे अद्याप आहेत. बाजारात मात्र हे सर्व 'मोगरा' या एका नावाने विकले जाऊ लागले आहेत, आणि ज्या भेदाला बाजारात किंमत उरत नाही तो भेद भाषेतून जायला एक पिढी पुरते.

ही चौकशी ग्रंथालयात बसून होणारी नाही, आणि वर्षातून कोणत्याही महिन्यात होणारीही नाही. फुलावाचून उभे असलेले झुडूप दाखवून त्याचे नाव विचारले, तर जाणकारही बिचकतो. कळी आली की नाव ओठांवर येते. म्हणून माघ ते चैत्र हे तीन महिने या कामाचा हंगाम मानून, बागा फुललेल्या असतानाच, नाव सांगणारा आणि ते लिहून घेणारा यांनी एकाच झाडापाशी उभे राहावे, हे सर्वांत श्रेयस्कर होय.